दोन मिनिटांची झलक
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार आम्हांस कितपत पोहोचतो, याविषयी आम्ही स्वतःच साशंक आहो. आमचे शिक्षण १९७५ सालच्या शालान्त परीक्षेपर्यंतचे. त्यावर शिक्षकाची पदविका आणि १९७८ ते २०१७ अशी एकोणचाळीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून फळ्यापुढे उभे राहणे, एवढीच काय ती आमची पुंजी. सिनेमाशी आमचा संबंध तिकीट काढून खुर्चीत बसण्यापुरता. तथापि गेल्या महिन्यात आपणांपैकी बहुतेकांच्या मोबाईलवर वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी केलेला दोन मिनिटांचा एक ट्रेलर येऊन पोहोचला, त्यात आमचे हे तोंड दिसले, आणि हा काय प्रकार आहे अशी पृच्छा इतक्या मंडळींनी केली की, कार्यकारिणीने खुलासा करण्याची आज्ञा आम्हांसच केली. ती शिरसावंद्य मानून उभे आहो.

प्रथम ट्रेलर म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. येऊ घातलेल्या चित्रपटाची जी लहानशी झलक प्रेक्षकांस दाखवितात, ती ट्रेलर. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मागून ओढत येणारे असा आहे, आणि ही झलक तर आधी येते. आम्हांस हे कोडे होते. विद्यार्थ्यांनी उलगडा केला तो असा की, अमेरिकेत आरंभी ही झलक मुख्य चित्र संपल्यावर, शेपटासारखी, जोडीत असत. लोक चित्र संपताच उठून जात, म्हणून पुढे ती चित्राच्या आधी आणली. नाव मात्र मागचेच राहिले. आपल्याकडेही घराणे गाव सोडून जाते आणि आडनाव गावाचे राहते, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या वसतिगृहातील तिघे विद्यार्थी आणि शहरात आपापल्या घरी राहणाऱ्या आपल्याच ज्ञातीतील दोन मुली, असे पाचजण जनसंवादाच्या अभ्यासक्रमास आहेत. २०२५ च्या आरंभी त्यांस महाविद्यालयाने काम दिले. एका चित्रपटाची कल्पना करावयाची. तो चित्रपट करावयाचा नाही, परंतु तो जणू झाला आहे असे समजून त्याचा दोन मिनिटांचा ट्रेलर चित्रित करावयाचा, त्याचे भित्तिपत्रक करावयाचे, आणि लोकांपर्यंत तो कसा पोहोचवाल त्याची योजना आखून अंमलातही आणावयाची. जे नाही त्याची जाहिरात करावयाची, हे ऐकून आम्ही हसलो. लग्न ठरण्याआधी जेवणावळीची पत्रिका छापण्यासारखेच हे आम्हांस वाटले.

परंतु आमचे हसणे फार टिकले नाही. नाशिकच्या मंडळींस पांडवलेण्यांच्या पायथ्याचे दादासाहेब फाळके यांचे स्मारक परिचयाचे आहे. मुलांनी आम्हांस तेथे नेले व एक गोष्ट सांगितली. १९१२ साली फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा चित्रपटासाठी भांडवल देण्यास कोणी तयार नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करून, बी रुजून वेल कसा वर येतो, याचे मिनिटाभराचे चित्र केले. ते पाहून लोकांस खात्री पटली, पैसा उभा राहिला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईस गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. मिनिटाभराचे चित्र पाहूनच पुढच्या मोठ्या चित्राला पैसा मिळाला. तेव्हा नसलेल्या चित्रपटाची झलक ही गोष्ट आपल्याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने शंभरावर वर्षांपूर्वी करून ठेवलेली आहे. आम्ही ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हे २००९ सालचे चित्र पाहिले होते, पण वाटाण्याकडे आमचे लक्ष गेले नव्हते. मास्तराचे लक्ष जेथे जावयास हवे तेथे पुष्कळदा जात नाही, हे पुढे येणारच आहे.

मुलांस कथा हवी होती. भूतखेत, खून, कॉलेजातील प्रेम असे दोनतीन विषय त्यांनी काढले आणि स्वतःच टाकले. त्यांची दिग्दर्शिका, जी त्या दोघी मुलींपैकी एक, ती म्हणाली, “गुरुजी, एवढी वर्षे शाळेत काढलीत, एखादी खरी गोष्ट सांगा ना.” आम्ही एका शिक्षकाची म्हणून एक गोष्ट सांगितली. १९८८ साल. सिन्नर तालुक्यातील एक खेडे. शाळा सातवीपर्यंत. सातवीत एक मुलगी गणितात अशी की, गुरुजींनी फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवावा तो तिचे उत्तर तयार. आठवीसाठी चार मैलांवरच्या गावी जावे लागे. एके संध्याकाळी तिचे वडील गुरुजींना घरी बोलावितात आणि दारातच उभे राहून विचारतात, “गुरुजी, पोरीला पुढे पाठवावे का? तुमचे काय म्हणणे?” गुरुजी काही बोलत नाहीत. मुलगी आतून ऐकत आहे. दुसऱ्या दिवसापासून ती शेतावर जाते.

गोष्ट संपल्यावर मुले थोडा वेळ गप्प राहिली. नंतर कॅमेरा पाहणारा विद्यार्थी म्हणाला, “हेच.”

आता नियोजनाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आम्हांस खरा अचंबा वाटला तो येथे. आमची समजूत अशी की, मोबाईल हाती घेतला की चित्र होते. या मुलांनी पंधरा दिवस मोबाईल खिशातून काढला नाही. प्रथम संपूर्ण कथा एका वाक्यात लिहिली. ते वाक्य जमेपर्यंत अकरा कागद फाडले. मग चौकोनी रेघांची वही घेतली आणि एकेका चौकटीत एकेक दृश्य पेन्सिलीने काढले. माणसे काड्यांची, घर त्रिकोणाचे, पण कॅमेरा कोठे, माणूस किती जवळचा, नजर कोणीकडे, हे सर्व त्यात होते. अशा चौतीस चौकटी झाल्या. दोन मिनिटांचे एकशेवीस सेकंद. चौतिसांनी भाग दिला तर एका दृश्यास साडेतीन सेकंद. “साडेतीन सेकंदांत काय दिसणार?” असे आम्ही विचारले. त्यांनी आम्हांस डोळे मिटावयास सांगितले, मोजून साडेतीन सेकंद एक छायाचित्र समोर धरले, आणि काय काय पाहिले ते विचारले. आम्ही नऊ गोष्टी सांगितल्या. त्या दिवसापासून आम्ही प्रश्न विचारणे कमी केले.

नंतर आम्ही त्यांच्याबरोबर गावी गेलो. ज्या शाळेत गोष्ट घडली, तेथेच चित्रण करावयाचे ठरले होते. मुख्याध्यापकांची व ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घेतली. मुलीच्या भूमिकेसाठी तेथीलच सातवीतील एक विद्यार्थिनी निवडली, तीही तिच्या आईची सही घेऊन आणि आई समोर बसलेली असतानाच. घरासाठी मात्र दुसऱ्याच कुटुंबाचे एक जुने घर पाहिले. मूळ घर कुलूपबंद होते. मुलांनी दिवसभर उभे राहून कोणत्या भिंतीवर कोणत्या घटकेस ऊन येते त्याची नोंद केली. दाराच्या चौकटीवर साडेचार ते सव्वापाच एवढाच वेळ तिरपे ऊन असे. म्हणून दाराचे दृश्य त्याच वेळी, आणि बाकी सारे त्याभोवती, असे वेळापत्रक आखले. एकेकाळी आम्ही शाळेचे वेळापत्रक आखीत असू, तेव्हा सूर्याचा विचार केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

चित्रण दोन रविवारी झाले. साधन एक मोबाईल व एक तिकाटणे. उजेड परतविण्यासाठी थर्माकोलचे तुकडे व पांढरी चादर. आवाजासाठी सदऱ्यास लावावयाचे दोन छोटे माइक. आरंभीच घोटाळा झाला तो वर्गातील ट्यूबलाईटचा. पडद्यावर सारा वर्ग लुकलुकू लागला. कॅमेरा पाहणाऱ्याने समजाविले की, आपली वीज सेकंदास पन्नास फेरे घेते, त्या हिशेबाने दिवे सूक्ष्मपणे मंद-तेज होतात. डोळ्यास ते कळत नाही, कॅमेऱ्यास कळते. त्याने सेकंदास पंचवीस चित्रे आणि प्रत्येक चित्रास सेकंदाचा पन्नासावा भाग असे बसविले आणि लुकलुक थांबली. प्रत्येक जागेचे चित्रण आटोपल्यावर सर्वांस अर्धा मिनिट स्तब्ध उभे करून ते नुसती शांतता ध्वनिमुद्रित करीत. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, आणि दोन संवादांमधली जागा भरावयास तीच लागते म्हणे. शाळेची घंटा, म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, तिचाही आवाज त्यांनी वेगवेगळ्या अंतरांवरून घेतला. तयार गाणे वापरावयाचे नव्हते. परवानगीवाचून दुसऱ्याचे संगीत यूट्यूबवर चढविले की हक्कदाराचा दावा येतो. तेव्हा साऱ्या ट्रेलरला संगीत म्हणून ती घंटाच आहे. ती ऐकून आपल्यातील पुष्कळांनी शाळेची आठवण झाल्याचे कळविले, त्याचे श्रेय या नियमास आहे.

वडिलांची भूमिका मंडळाच्या हिशेबनिसांनी केली. त्यांचा आवाज वसुलीच्या कामी कमावलेला, त्याचा उपयोग झाला. गुरुजींची भूमिका एका विद्यार्थ्याने केसांस पीठ लावून करून पाहिली, पण पीठ ओघळले, आणि माणूस म्हातारा न दिसता गिरणीतून आलेला दिसू लागला. तेव्हा सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही नाही म्हटले. दिग्दर्शिका म्हणाली, “गुरुजी, एकही वाक्य नाही. नुसते उभे राहावयाचे.” १९८८ साली तो शिक्षक तिशीच्या आत होता, एवढेही आम्ही त्या वेळी सुचविले नाही. सदऱ्याच्या खिशातील मोबाईल तेवढा काढून ठेविला आणि चौकटीपुढे जाऊन उभे राहिलो.

साडेचार वाजले. ऊन चौकटीवर आले. हिशेबनीस म्हणाले, “गुरुजी, पोरीला पुढे पाठवावे का? तुमचे काय म्हणणे?” आणि आम्ही म्हणालो, “पाठवा.”

दिग्दर्शिकेने थांबविले. येथे बोलावयाचे नाही, याची आठवण दिली. पुन्हा सुरू झाले. प्रश्न आला, आणि आमच्या तोंडून पुन्हा “अवश्य पाठवा” असे निघाले. मुले हसली. आम्हीही हसलो. तिसऱ्या, चौथ्या वेळी हेच. एकदा आम्ही ओठ घट्ट मिटले तर मान होकारार्थी हलली. सहाव्या, सातव्या वेळेपर्यंत कोणी हसेनासे झाले. ऊन सरकत होते. दहाव्या वेळी दिग्दर्शिकेने सर्वांस बाजूस जावयास सांगितले, आमच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, त्या दिवशी तुम्ही बोलला नव्हता ना?”

अकराव्या वेळी दृश्य मिळाले. ट्रेलरमध्ये आहे ते तेच.

ज्ञातिबांधवहो, ती गोष्ट दुसऱ्या शिक्षकाची नव्हती. ती आमची होती. त्या मुलीचे वडील त्या काळी मंडळाच्या तालुका शाखेत वजनदार गृहस्थ होते. आमच्या धाकट्या बंधूस याच वसतिगृहात जागा हवी होती आणि ती त्यांच्या शिफारशीवर अवलंबून होती. त्यांच्या मनात काय आहे ते आम्हांस उमगेना. “पाठवा” म्हटले आणि त्यांस रुचले नाही तर? म्हणून आम्ही जमिनीकडे पाहत उभे राहिलो. ते क्षणभर थांबले, मग “बरे” म्हणाले आणि आत गेले. बंधूस जागा मिळाली. तो शिकला, नोकरीस लागला, सुखात आहे. हे आम्ही आजवर घरीही सांगितले नव्हते.

असो. पुढचे काम संकलनाचे. वसतिगृहाच्या वाचनालयातील संगणकावर आठ रात्री ते चालले. कथा आरंभापासून शेवटपर्यंत सांगावयाची नाही, पण तिची ओढ लावावयाची, ही यातली खुबी. हिचकॉक या दिग्दर्शकाने १९६० साली आपल्या ‘सायको’ चित्राच्या झलकेत घटना न दाखविता स्वतःच त्या घरातून हिंडून प्रेक्षकांस नुसत्या जागा दाखविल्या होत्या. तो नमुना मुलांनी अनेकदा पाहिला. गुरुजी उत्तर देतात की नाही, हे आपल्या ट्रेलरमध्ये कळू द्यावयाचे नाही, असे ठरले. प्रश्न येतो, आमचा चेहरा येतो, घंटा पडते, पडदा काळा होतो आणि चित्रपटाचे नाव येते. एवढे उत्तम झाले. पण मधला भाग मुलांस मिळमिळीत वाटला. पाहणारा पहिल्या पाच सेकंदांत थांबला नाही तर बोट लावून पुढे जातो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी हिशेबनिसांकडून एक गर्जना करवून घेतली, “शाळा बंद म्हणजे बंद!”, आणि तिला पितळी भांडे आपटल्याचा आवाज जोडून ती अगदी आरंभी बसविली. ऐकणारा दचके. आम्हीही दचकलो, पण काही बोललो नाही. पाहा, पुन्हा नाही बोललो.

आता प्रसिद्धीचा भाग. भित्तिपत्रकावर काय लिहावे याची चर्चा चालली असता मुलांनी फाळक्यांच्या एका जाहिरातीची हकीकत सांगितली. सुरतेस पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, तेव्हा त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, तिकीट तीन आणे, अशा अर्थाची जाहिरात केली आणि गर्दी लोटली, असे सांगतात. आमच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. चित्रपटाच्या फितीत एका फुटास सोळा चित्रे. सत्तावन्न हजारांस सोळाने भागा. साधारण तीन हजार पाचशे साठ फूट होतात. मैल पाच हजार दोनशे ऐंशी फुटांचा. म्हणजे छायाचित्रांचा आकडा धरला तर फीत मैलाच्या दोन तृतीयांश भरते. दोन मैल नव्हे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे तीन हजार सातशे फूट नोंदलेली आहे, तीही या हिशेबास जुळते. तेव्हा छायाचित्रे खरी आणि मैल वाढीव. मुलांनी टाळ्या वाजविल्या. केवळ एका भांडवलहीन माणसाने आपले तीन रुपयांचे तीनशे करावे म्हणून मैल लांबविला, यात आम्हांस फारसे पाप दिसत नाही. परंतु दिग्दर्शिका एकाएकी गंभीर झाली. ती म्हणाली, “मग आपले दोन मैल कोणते?”

कोणी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने तिनेच पुढचे विचारले, “त्या बाईंना विचारले आहे का?”

मुलीच्या आईची सही घेतली, ग्रामपंचायतीची घेतली, परंतु जिची गोष्ट तिला विचारले नव्हते. तिचे नाव नाही, गावाचे नाव नाही, असे आम्ही म्हणून पाहिले. पण हा ट्रेलर जावयाचा कोठे? ज्ञातीच्या सर्व व्हॉट्सॲप गटांवर. तेथे ओळखणारी चार माणसे पुरेत. मुलांनी ठरविले की, महाविद्यालयात सादर करावयाचा तर करू, तेथे पाहणारे वीस. पण बाहेर एकासही पाठवावयाचा नाही. त्याच सुमारास कार्यकारिणीतील एका वडीलधाऱ्या सदस्यांनीही हरकत घेतली, ज्ञातीतल्या बापाचे असे चित्र चारचौघांत दाखवू नये म्हणून. त्यांची हरकत आणि मुलांची हरकत वेगवेगळ्या कारणांची होती, परंतु दोहोंचे औषध एकच. कोणी तरी त्या बाईंकडे जावयाचे. ते कोणी, याविषयी चर्चा झाली नाही.

त्या सिन्नरलाच असतात. शिवणकाम करतात, कन्या औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन नोकरीस आहे. सदतीस वर्षांनी आम्ही त्यांच्या दारात उभे होतो. त्यांनी आम्हांस लगेच ओळखले, वाकून नमस्कार केला, पाणी दिले. आम्ही मोबाईल त्यांच्या हाती दिला व दिग्दर्शिकेने ट्रेलर लावला. त्यांनी उभ्यानेच पाहिला. पुन्हा लावावयास सांगितला व पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, “आमच्या दाराला डाव्या हाताला कोनाडा होता. त्यात चिमणी असायची.” आम्ही म्हटले, “घर दुसरे आहे.” त्या म्हणाल्या, “ते कळलेच.” आणि थोड्या वेळाने, “गुरुजी, अण्णांनी तुम्हांला विचारले होते?”

आम्ही कथेत घातले होते की मुलगी आतून ऐकत आहे. ती ऐकत नव्हती. ती त्या संध्याकाळी मागल्या दारी गुरांना पाणी दाखवीत होती. वडिलांनी कोणास काही विचारले होते, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हते. त्यांनी मनाशी ठरविले व शाळा बंद केली, असे धरून तिने एवढी वर्षे काढली होती. वडील २००९ साली वारले.

आम्ही म्हणालो, “होय बाळ. विचारले होते. आम्ही उत्तर दिले नाही.” त्या आत गेल्या. चहा ठेवल्याचा आवाज आला. चहा होण्यास लागतो त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागला. दिग्दर्शिका आमच्या शेजारी बसली होती. ती एक शब्द बोलली नाही, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहो. बाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचे डोळे धुतलेले होते, आवाज मात्र नेहमीचा. त्या आमच्याशी नव्हे, मुलीशी बोलल्या. “तुम्ही दाखवा. माझी ना नाही. पण ते ओरडणे काढा. अण्णा ओरडले नव्हते. ते कधीच ओरडत नसत. त्यांना काय करावे ते सुचत नव्हते, एवढे मला आज कळले.” आमच्याविषयी त्या काही म्हणाल्या नाहीत. आम्हीही क्षमा मागितली नाही. मागावयास शब्द होते, पण त्या दारात ते उचलले गेले नाहीत. निघताना त्यांनी आमच्या हाती चिवड्याची पुडी दिली.

गर्जना काढली. पितळी भांडेही काढले. आता आरंभी वडील दिसतात ते नुसते दारात उभे, टोपी हातात घेऊन फिरवीत. हे दृश्य हिशेबनिसांनी दोन चित्रणांच्या मध्ये सहज केलेले होते, मोबाईल चालू राहिल्यामुळे मिळून गेले. पाहणारे पाच सेकंदांत पुढे गेले असते की काय, ठाऊक नाही. आपण तर थांबलात. आतून ऐकणाऱ्या मुलीची दोन दृश्येही गेली, तिच्या जागी गुरे व पाण्याची बादली आली. त्यासाठी एक रविवार आणखी गावी जावे लागले. ज्या सदस्यांची हरकत होती, त्यांस नवा ट्रेलर दाखविला. त्यांनी पाहिला, आणि मंडळाच्या गटावर पहिला त्यांनीच पाठविला.

पाठविण्याच्या कामातही बारकावे आहेत, पण त्यांत आपला वेळ घेत नाही. एवढे सांगतो की, व्हॉट्सॲपवर चित्र साधेपणी पाठविले तर ते दाबले जाऊन अंधुक होते, कागदपत्र म्हणून जोडले तर जसेच्या तसे पोहोचते. आणि पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून संवाद अक्षरांतही दिले आहेत. मुलांस महाविद्यालयात गुण चांगले मिळाले.

खर्चाचा तपशील हिशेबनिसांच्या आग्रहास्तव देतो. दोन माइक १,८०० रुपये, वाहन २,२००, जेवणखाण १,६५०, थर्माकोल व चादर १९०, भित्तिपत्रकांची छपाई ४००, एकूण ६,२४० रुपये. यांपैकी निम्मे मुलांनी आपसांत घातले, निम्मे आम्ही. मंडळाच्या निधीस तोशीस लागलेली नाही.

आता पुढचे. नसलेल्या चित्रपटाची ही झलक होती, परंतु ती पाहून इतक्या कुटुंबांनी पूर्ण चित्र केव्हा येणार म्हणून विचारले की, मुलांनी पंचवीस मिनिटांचा लघुपट करावयाचे ठरविले आहे. ‘श्वास’ या चित्रास २००४ साली ऑस्करसाठी पाठविताना महाराष्ट्रातील सामान्य लोकांनी, शाळेतल्या मुलांनीसुद्धा, वर्गणी जमविली होती, हे आपणांस स्मरत असेल. आपले काम त्या मानाने फार लहान आहे. देणगीची पावती वसतिगृहाच्या कार्यालयात मिळेल. गुरुजींची भूमिका या वेळी तिशीतले कोणी करील. आपल्यापैकी कोणा तरुण शिक्षकाची इच्छा असल्यास कळवावे. एक अट आहे, गप्प उभे राहता आले पाहिजे. ते वाटते तितके सोपे नाही.

चित्रण दिवाळीच्या सुटीत करावयाचे ठरले आहे. बाईंनी आपल्या वडिलांच्या घराची किल्ली दिली आहे आणि दाराचे दृश्य असेल त्या दिवशी स्वतः येते म्हणाल्या आहेत. कोनाडा शाबूत आहे; आम्ही पाहून आलो. त्यातील चिमणी मात्र घरात उरलेली नाही. पत्र्याची, काचेवाचूनची, घासलेट घालून लावीत ती. कोणा ज्ञातिबांधवाच्या माळ्यावर असल्यास कृपा करून वसतिगृहात आणून द्यावी. काम होताच परत करण्यात येईल.